एका ग्लास बिअरने चेहरा लालबुंद का होतो? (आणि "सवय कर" म्हणणाऱ्यांना काय सांगावं?)

निशिकासाईकर

मंडळी, नमस्कार. टोकियोत राहायला येऊन मला आता नऊ वर्षं होतील. इथे ऑफिस सुटल्यावर सगळ्यांनी मिळून प्यायला बसायची पद्धत आहे, त्याला 'नोमिकाई' म्हणतात. टाळता येते, पण नेहमी टाळली तर लोकांच्या लक्षात राहतं.

गेल्या शुक्रवारची गोष्ट. माझ्या शेजारी एक सहकारी बसला होता, वय २९, अतिशय सज्जन मुलगा. 'कानपाई' (आपलं 'चिअर्स') झालं, त्याने अर्धा ग्लास बिअर संपवली आणि पाच-सात मिनिटांत त्याचे कान लाल झाले. मग गाल, मग गळा, पार शर्टाच्या कॉलरच्या आतपर्यंत. डोळे पाणावले. "छाती धडधडतेय" असं तो हळूच मला म्हणाला. समोर बसलेले आमचे वरिष्ठ हसत म्हणाले, "सवय नाही त्याला, अजून एक भरा, जमेल हळूहळू." आणि त्याने खरंच दुसरा ग्लास घेतला. त्यानंतरचा पाऊण तास तो बाथरूममध्ये होता.

मी त्याच टेबलावर त्याच्या दुप्पट पिऊन ठणठणीत होतो. घरी येताना ट्रेनमध्ये मला फार वाईट वाटत राहिलं. त्याचा ग्लास माझ्याकडे ओढून घ्यायला काय हरकत होती?

हे जनुकीय असतं एवढं ऐकून आहे. पण नेमकं काय असतं? सवयीने खरंच जातं का? आणि आपल्या मराठी लोकांत असं कुणाला होतं का? जाणकारांनी लिहावं.

अश्विनी७८

माझ्या जावेची रूममेट तैवानची होती, तिचंही अगदी असंच व्हायचं. लग्नात शॅम्पेनचा एक घोट घेतला तर फोटोत सगळीकडे टोमॅटोसारखी दिसतेय. आम्हाला वाटायचं लाजतेय.

सातारी_कंदी

सवयीने जातं. स्वानुभव आहे. कॉलेजात पहिल्यांदा घेतली तेव्हा मलाही गरगरलं होतं. आता काही होत नाही.

मेंडेलचा_वाटाणा

माझं काम याच विषयाच्या आसपासचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दारूतलं एथॅनॉल यकृतात मुख्यतः दोन पायऱ्यांत मोडतं. पहिल्या पायरीला एडीएच नावाची एन्झाइम (शाळेच्या पुस्तकातला शब्द 'विकर') त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतात. दुसऱ्या पायरीला एएलडीएच-२ हे एन्झाइम त्या अ‍ॅसिटाल्डिहाइडचं अ‍ॅसिटेट करतं. अ‍ॅसिटेट निरुपद्रवी, शरीर ते वापरून टाकतं. त्रास सगळा मधल्या पदार्थाचा. अ‍ॅसिटाल्डिहाइड साचलं की रक्तवाहिन्या फुलतात, चेहरा तापतो, नाडी धावते, मळमळतं.

बाराव्या गुणसूत्रावरच्या एएलडीएच-२ च्या जनुकात एकच अक्षर बदललं की तयार होणाऱ्या प्रथिनात ५०४ व्या जागी ग्लुटामेटऐवजी लायसिन येतं (जुन्या लेखांत हीच जागा ४८७ म्हणून सापडेल). एवढ्या बदलाने एन्झाइम जवळजवळ निकामी होतं.

आता गंमत बघा. हे एन्झाइम चार तुकडे एकत्र येऊन बनतं. चार भोयांची पालखी समजा. आईकडून धड जनुक आलं आणि वडिलांकडून बिघडलेलं, तर तुमच्याकडे निम्मे भोई धडधाकट आणि निम्मे लंगडे. पालख्या निघतात त्या मात्र सरमिसळ होऊन. चारही भोई धडधाकट असलेली पालखी सोळांत एक. म्हणून एकच प्रत बिघडलेली असली तरी काम निम्म्यावर थांबत नाही, त्याच्याही बरंच खाली जातं. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर काम जवळपास बंदच.

हा बदल चीन, जपान, कोरिया, तैवान इथे खूप आहे. लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत, तैवानात सर्वांत जास्त. जगात मिळून साधारण ५४ कोटी माणसं, म्हणजे सुमारे ८ टक्के. युरोप आणि आफ्रिकेत जवळपास नाही. भारतातही बहुतेक समाजांत अगदी दुर्मिळ.

तेव्हा निशिकासाईकर, तुमच्या मित्राचं काही 'कमी' नाही. त्याच्या शरीराने अर्ध्या ग्लासातच विषाची सूचना दिली, इतकंच.

गिरणगाव

पालखीचं उदाहरण डोक्यात बसलं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

सातारी_कंदी

@मेंडेलचा_वाटाणा, मग माझं कसं गेलं?

मेंडेलचा_वाटाणा

तुमचं ते नव्हतंच, म्हणून गेलं. :) पहिल्यांदा पिणाऱ्या कुणालाही गरगरतं. रोज पिणाऱ्याच्या यकृतात आणखी एक यंत्रणा (सीवायपी-२ई१) वाढते आणि अल्कोहोल थोडं लवकर मोडू लागतं, शिवाय मेंदूही सरावतो. पण या यंत्रणेतूनही अ‍ॅसिटाल्डिहाइडच तयार होतं. ते पुढे मोडणारा एएलडीएच-२ सवयीने दुरुस्त होत नाही. जनुक तालमीत जाऊन सुधारत नाही.

लाल होणाऱ्या माणसाने नेट लावून पिणं चालू ठेवलं तर काही वर्षांनी लाली फिकी पडते, हे मात्र खरं आहे. त्याला वाटतं, सुटलो. विष तेवढंच साचतंय, फक्त दिसायचं थांबलंय. म्हणून जपानी डॉक्टर रुग्णाला दोन प्रश्न विचारतात. हल्ली एक ग्लास, म्हणजे साधारण १८० मिली, बिअर घेतल्यावर चेहरा लाल होतो का? आणि प्यायला लागल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत होत होता का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

वैद्यबाई

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, आणि पुढचा भाग मी लिहिते, कारण खरी काळजीची गोष्ट तिथे आहे.

ज्यांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात ते सहसा पिऊच शकत नाहीत, त्यामुळे वाचतात. धोका मधल्यांना. एक प्रत चांगली, एक वाईट. त्रास होतो पण सहन होतो, आणि आजूबाजूचे "घे रे" म्हणतात. अशा माणसाने नियमित पिणं सुरू केलं तर त्याला अन्ननलिकेचा कर्करोग होण्याची शक्यता, तेवढीच पिणाऱ्या इतरांपेक्षा कैक पटींनी जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दारूला पहिल्या गटातलं, म्हणजे निश्चित कर्करोगकारक, १९८८ मध्येच ठरवलं होतं. दारूतून शरीरात तयार होणारं अ‍ॅसिटाल्डिहाइडही २००९ मध्ये त्याच गटात आलं.

कारणही कळलेलं आहे. केंब्रिजमध्ये केतन पटेल यांच्या गटाने उंदरांवर दाखवलं की अ‍ॅसिटाल्डिहाइड थेट डीएनएला इजा करतं, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींमध्येसुद्धा. एएलडीएच-२ ही पहिली ढाल आणि डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा दुसरी. पहिली ढालच नसेल तर सगळा भार दुसरीवर.

अन्ननलिकेचा कर्करोग काय असतो ते मी पाहिलंय. पहिल्यांदा भाकरी अडकते. मग माणूस ती वरणात कुस्करून खातो. मग पातळ भात. मग फक्त चहा. घरच्यांना वाटतं, दात गेलेत म्हणून. येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. आपल्याकडे यात तंबाखूचा वाटा फार मोठा आहे, पण आजार तोच.

निशिकासाईकर, मित्राशी बोला. आणि हे पण सांगा: लाली लपवण्यासाठी आधी अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन जायची फॅशन तिकडच्या तरुणांत आहे. फॅमोटिडिनने चेहरा कमी लाल होतो, अ‍ॅसिटाल्डिहाइड जागच्या जागी राहतं. धुराची घंटा बंद करून आगीत बसण्यासारखं आहे ते.

दर्यावर्दी

मी जहाजावर २२ वर्षं काढली. कोरियन, चिनी, फिलिपिनो, युक्रेनी, सगळ्यांबरोबर. कोरियन चीफ इंजिनियर एका पेगात लाल व्हायचा आणि तरी रात्रभर बसायचा. त्याची कीव यायची. आमचे मालवणचे गडी मात्र कुणाला ऐकायचे नाहीत. मला तर वाटतं आपल्या दर्यावरच्या लोकांच्या रक्तातच आहे. पिढ्यान्‌पिढ्या माडी आणि फेणी, शरीर तयार झालेलं.

कोकणकन्या

@दर्यावर्दी, दादा, राग मानू नका. मी वेंगुर्ल्याची. 'रक्तात आहे' हे वाक्य आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकलं आणि त्याच घरात माझे दोन काका पन्नाशीच्या आत गेले, दोघांचंही यकृत. पचते म्हणजे काय, तर लोळत नाही एवढंच. आत काय चाललंय ते कुणी बघितलं?

दर्यावर्दी

@कोकणकन्या, नाही गं, राग कसला. खरंय तुझं. माझ्या बरोबरीचे किती राहिले ते मोजायला बसलो तर एका हाताची बोटं पुरतील. मी सहज बोलून गेलो.

मेंडेलचा_वाटाणा

कोकणकन्या यांनी फार नेमकं लिहिलंय. आपल्यातल्या बहुतेकांकडे एएलडीएच-२ धड आहे, याचा अर्थ दारू आपल्याला 'मानवते' असा होत नाही. आपल्याला घंटा नाही, एवढाच अर्थ. लाल न होणारा माणूस पुढे पीत राहतो आणि यकृत, स्वादुपिंड, रक्तदाब हे सगळं आपापला हिशेब ठेवत असतं.

आजोबा_नाशिककर

पण रोज थोडी घेतली तर हृदयाला चांगली असं आमचे डॉक्टर स्वतः म्हणत. वाइनबद्दल तर किती लेख आले होते. आम्ही द्राक्षवाले, आम्हाला तर तेच ऐकायला आवडतं.

मेंडेलचा_वाटाणा

आजोबा, याचं उत्तर याच जनुकांनी दिलं, आणि मला तो अभ्यास फार आवडतो.

अडचण अशी होती की 'अजिबात न पिणारे' आणि 'थोडी पिणारे' यांची नुसती तुलना फसवी असते. न पिणाऱ्यांत आजारपणामुळे सोडलेले लोकही असतात, मग थोडी पिणारे आपोआप तब्येतीत दिसतात. माणसांना चिठ्ठ्या टाकून "तू वीस वर्षं पी, तू पिऊ नकोस" असं सांगता येत नाही. पण निसर्गाने चिठ्ठ्या टाकलेल्याच आहेत! कुणाला कोणतं एएलडीएच-२ मिळणार हे जन्माआधी ठरतं, आणि त्यावरून तो माणूस किती पिणार हे बऱ्यापैकी ठरतं.

चीनमध्ये दहा भागांतल्या पाच लाखांहून जास्त लोकांचा एक मोठा पाठपुरावा चालू आहे. त्यातल्या सुमारे १,६०,००० लोकांची ही जनुकं तपासून २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. केवळ जनुकांवरून पुरुषांचं सरासरी पिणं आठवड्याला ४ ग्रॅम अल्कोहोलपासून २५६ ग्रॅमपर्यंत बदलत होतं. लोकांनी स्वतः सांगितलेल्या पिण्यावरून आलेख काढला तर थोडी पिणारे सर्वांत निरोगी दिसत. जनुकांवरून काढला तर तो फायदा नाहीसा झाला. जितकं जास्त पिणं, तितका रक्तदाब जास्त आणि पक्षाघाताचा धोका जास्त.

यावर शंका निघू शकते की ते जनुकच दुसऱ्या एखाद्या वाटेने पक्षाघात टाळत असेल. त्याची पडताळणी बायकांनी केली. तिथे नियमित पिणाऱ्या बायका जेमतेम २ टक्के. जनुकं तीच, पिणं नाही, आणि त्यांच्यात पक्षाघाताच्या धोक्यात फरक दिसला नाही. म्हणजे करामत जनुकाची नव्हे, दारूचीच.

आजोबा_नाशिककर

वा! बायकांची पडताळणी ऐकून मास्तर आठवले. पटलं. द्राक्षं खाऊ, बेदाणे खाऊ.

पसारा

हे चिनी-जपानी लोकांतच का झालं पण? तांदळाची दारू पितात म्हणून? तसं असेल तर आम्ही कोकणस्थ तीन वेळा भात खातो, आमचे कान का लाल होत नाहीत?

मेंडेलचा_वाटाणा

:D भात खाल्ल्याने होत नाही. पण तांदळाचा संबंध लावलेला आहे, तो पहिल्या पायरीच्या जनुकाशी. एडीएच-१बी चा एक प्रकार असा आहे की तो अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड फार झपाट्याने करतो. पूर्व आशियात बहुसंख्यांकडे हा झपाट्याचा प्रकार असतो. २०१० मध्ये चिनी संशोधकांनी मांडलं की या प्रकाराचा प्रसार आणि तांदळाच्या शेतीचा प्रसार नकाशावर एकमेकांशी जुळतात, काळ साधारण ७,००० ते १०,००० वर्षांपूर्वीचा. धान्य साठलं की आंबवणं आलं. हनान प्रांतातल्या ज्याहू इथे सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या मडक्यांत तांदूळ, मध आणि फळं आंबवून केलेल्या पेयाचे अंश सापडलेत. ज्यांना लवकर त्रास होतो ते कमी पितात, त्यांचे संसार नीट चालतात, अशी ती कल्पना. जुळणी आहे, पक्का पुरावा म्हणता येणार नाही.

ज्याच्याकडे पहिली पायरी झपाट्याची आणि दुसरी बिघडलेली, त्याचं काय होत असेल बघा. नळ पूर्ण सोडलेला आणि मोरी तुंबलेली.

हा झपाट्याचा प्रकार पश्चिम आशियात आणि ज्यू समाजातही बऱ्यापैकी आढळतो. आफ्रिकी वंशाच्या लोकांत याच जनुकाचा तिसराच एक प्रकार सापडतो, तोही काहीसं संरक्षण देणारा. एकाच अडचणीवर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे तोडगे निघावेत तसं.

पसारा

नळ आणि मोरी. +१. आता आयुष्यात विसरणार नाही.

रानवारा

मी अमेरिकेत, अ‍ॅरिझोनात असते. इथे मूळ रहिवाशांबद्दल सर्रास म्हणतात की "त्यांच्या शरीरात दारू पचवायची एन्झाइमच नाहीत." सुशिक्षित लोकही म्हणतात. हे खरं आहे का? ते आशियातूनच गेले ना मूळचे?

मेंडेलचा_वाटाणा

नाही, खरं नाही. पूर्वज आशियातून गेले, पण एएलडीएच-२ चा हा बदल त्यांच्यात जवळजवळ आढळत नाही. १९७१ मध्ये कॅनडातून एक अभ्यास आला होता की त्यांचं शरीर अल्कोहोल हळू मोडतं, पण त्यात तुलना नीट नव्हती. १९७६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये नीट तुलना झाली आणि फरक सापडला नाही. तरी 'एन्झाइम नाही' ही समजूत पन्नास वर्षं टिकून आहे.

मोहफूल

इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी गडचिरोली जिल्ह्यात १४ वर्षं शिक्षिका आहे. रानवारा यांनी जे लिहिलं तेच मी इथे उलट्या बाजूने ऐकते. बाहेरून आलेले अधिकारी, शिक्षक म्हणतात, "आदिवासींना दारू लागतेच, त्यांच्या अंगातच असतं ते."

मोहाचं झाड मी रोज बघते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात, पिवळसर पांढरी, हातात घेतली की मांसल आणि चिकट लागतात. माझ्या वर्गातल्या मुली उजाडायच्या आत आईबरोबर टोपल्या घेऊन जातात आणि मग शाळेत डुलक्या घेतात, अंगाला तो गोड वास असतो. ही फुलं वाळवून ठेवतात, भाजून खातात, भाकरीत घालतात, विकून मीठमिरची आणतात. दारूही गाळतात, देवाला वाहतात, लग्नात देतात. पण याच गावांतल्या बायकांनी दारूभट्ट्या बंद पाडण्यासाठी किती वर्षं झगडा केला! गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे ती त्या झगड्यामुळे. हे जर 'अंगात' असतं तर त्या बायका वेगळ्या अंगाच्या होत्या का?

जनुकाचं नाव पुढे केलं की बाकीच्या कुणाला काही करावं लागत नाही. रोजगार नाही, दवाखाना चाळीस किलोमीटरवर, जमिनीचा वाद वीस वर्षं. ते सगळं झाकलं जातं. माफ करा, जरा जास्त लिहिलं.

वैद्यबाई

मोहफूल, अजिबात जास्त नाही. असंच लिहीत राहा.

रानवारा

मोहफूल, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. इथल्या वस्त्यांबद्दल हेच शब्द लागू पडतात.

मेंडेलचा_वाटाणा

मोहफूल यांना जोडून एकच आकडेवारी देतो. जपानमधल्या दारूच्या व्यसनाच्या रुग्णांमध्ये एएलडीएच-२ ची एक प्रत बिघडलेले, म्हणजे लाल होणारे, किती होते? १९७९ मध्ये २.५ टक्के. १९८६ मध्ये ८ टक्के. १९९२ मध्ये १३ टक्के. हिगुची आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये हे छापलं. तेरा वर्षांत जनुकं बदलत नाहीत. ऑफिसं बदलली, पैसा आला, 'नोमिकाई' वाढल्या, आणि जी माणसं शरीराच्या राखणीमुळे सुटायला हवी होती तीही ओढली गेली.

निशिकासाईकर

हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे "अजून एक भरा" या वाक्याची आकडेवारी आहे ही.

अश्विनी७८

थोडं अवांतर, पण विचारते. एसटी स्टँडच्या मुताऱ्यांवर 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती असतात ना, आमच्या मावशीने तसली पावडर आणून काकांच्या भाजीत घातली होती. काका त्या रात्री पिऊन आले, जेवले आणि तासाभरात चेहरा लाल, घामाने निथळलेले, उलट्या, छातीत धडधड. आम्हाला वाटलं हार्ट अटॅक. वाचले. वरची वर्णनं वाचून मला तेच आठवतंय. काही संबंध आहे का?

वैद्यबाई

अश्विनी, त्या पावडरीत काय होतं ते सांगता येणार नाही, पण वर्णन डायसल्फिरॅमचं आहे. ते औषध नेमकं एएलडीएच अडवतं. ज्या माणसाचं जनुक धड आहे त्यालाही काही दिवसांपुरतं लाल होणारा माणूस बनवतं. कोपनहेगनमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे ते जंतांवरचं औषध म्हणून तपासत होते, स्वतःच घेऊन बघत होते, आणि नंतर थोडी दारू घेतल्यावर दोघांचीही तब्येत बिघडली. त्यातून १९४८ मध्ये ते व्यसनमुक्तीचं औषध म्हणून पुढे आलं.

आजही वापरतात, पण माणसाला सगळं सांगून, त्याच्या संमतीने, हृदय आणि यकृत तपासून. न सांगता जेवणात घालणं जिवावर बेतू शकतं. मावशींची अगतिकता मला समजते, माझ्याकडे अशा कितीतरी बायका येतात. कृपया कुणीही असं करू नका. माणूस तयार नसला तरी घरच्यांनी एकटं व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन सल्ला घेता येतो.

गिरणगाव

एन्झाइमचा विषय निघालाय तर एक विचारतो. २०१५ मध्ये मुंबईत, मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. आमच्या चाळीत पूर्वी राहणारा एक जण होता त्यात. डॉक्टर म्हणाले होते मिथेनॉल. तेव्हा कुणीतरी म्हणालं की मिथेनॉलवर उतारा म्हणून चांगली दारूच देतात. मला ती थट्टा वाटली आणि मी त्या माणसावर खेकसलो होतो.

वैद्यबाई

थट्टा नव्हती. मिथेनॉल स्वतः एवढं घातक नाही. तेच पहिल्या पायरीचं एडीएच मिथेनॉलचं फॉर्मल्डिहाइड करतं आणि पुढे फॉर्मिक आम्ल होतं. त्याने डोळ्यांची नस जाते आणि रक्त आम्लधर्मी होतं. एडीएचला मिथेनॉलपेक्षा एथॅनॉल कितीतरी जास्त आवडतं. म्हणून रुग्णालयात मोजून एथॅनॉल दिलं की एन्झाइम त्यात गुंततं आणि मिथेनॉल न मोडता हळूहळू बाहेर काढता येतं, गरज पडली तर डायलिसिसने. फोमेपिझोल नावाचं औषध हेच काम जास्त सुरक्षितपणे करतं. पण हे घरी करायचं नाही. धूसर दिसू लागलं की मिनिटही न घालवता रुग्णालय.

गिरणगाव

धन्यवाद. त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसायचं बंद झालं होतं. घरचे म्हणाले, उतरली नाही अजून, झोपू दे.

कोकणकन्या

:( 

सातारी_कंदी

जिभेखालच्या गोळीचा आणि या जनुकाचाही संबंध आहे असं कुठेतरी वाचलं होतं, म्हणजे हृदयाच्या. वडील सॉर्बिट्रेट जवळ ठेवतात म्हणून विचारतो.

मेंडेलचा_वाटाणा

आहे, पण नायट्रोग्लिसरिनशी, म्हणजे जिभेखाली ठेवायच्या हृदयाच्या दुसऱ्या एका औषधाशी. शरीरात ते कामाला लावायला एएलडीएच-२ लागतं, २००२ मध्ये हे कळलं. त्यामुळे लाल होणाऱ्या लोकांत त्याचा परिणाम कमी दिसू शकतो. सॉर्बिट्रेट हे वेगळं नायट्रेट आहे आणि ते या एन्झाइमवर तसं अवलंबून नाही. शिवाय आपल्याकडे हा बदलच दुर्मिळ. वडिलांनी गोळी खिशातच ठेवावी.

निशिकासाईकर

मंडळी, दहा दिवसांनी लिहितोय. सगळे प्रतिसाद वाचून मी त्या सहकाऱ्याला जेवायला घरी बोलावलं. बायकोने वरण-भात, बटाट्याची भाजी आणि अळूवडी केली. अळूवडी त्याने सात खाल्ल्या.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. त्याने सांगितलं की विद्यापीठात पहिल्याच आठवड्यात दंडावर अल्कोहोलची पट्टी लावून चाचणी केली होती, आणि पट्टीखालची कातडी लाल झाली होती. म्हणजे त्याला अकरा वर्षांपासून ठाऊक आहे. जपानीत न पिऊ शकणाऱ्याला 'गेको' म्हणतात. त्याचे वडीलही गेको. पण ते सेल्समध्ये होते, तीस वर्षं नेट लावून प्यायले, नंतर लालही व्हायचे नाहीत. तीन वर्षांपूर्वी ते अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेले. वैद्यबाईंनी भाकरीचं लिहिलंय ना, त्यांच्याकडे ते 'ओनिगिरी (भाताचा मुटका) अडकतो' असं सुरू झालं होतं.

मी विचारलं, मग तू का पितोस? तो म्हणाला, "नाही म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात."

काल पुन्हा नोमिकाई होती. मी आधीच दुकानदाराला सांगून ठेवलं आणि आमच्या टेबलाच्या टोकाला दोन ग्लास ऊलाँग चहा मागवले. एक त्याच्यासमोर, एक माझ्यासमोर. वरिष्ठांनी विचारलं, तुला काय झालं? मी म्हणालो, आजपासून मी याच्याबरोबर. ते थोडे थांबले आणि "बरं" म्हणून पुढे वळले. कानपाई झालं. त्याचे कान अगदी नेहमीच्या रंगाचे होते.

वैद्यबाई

निशिकासाईकर, डोळे भरून आले. त्याला एकदा एंडोस्कोपी करून घ्यायला सांगा, वडिलांचा इतिहास आहे. जपानमध्ये त्या तपासणीची सोय फार चांगली आहे.

निशिकासाईकर

सांगितलं. पुढच्या महिन्यातली तारीख घेतलीय, मी सोबत जाणार आहे.

दर्यावर्दी

त्या पोराला माझ्याकडून एक सांग, माझ्या कोरियन चीफला असा कुणी शेजारी भेटला नाही.